पाय उचलला की बंद पडणारी जीप

आमच्या घरी सकाळ व्हायची ती आईच्या "काढू काय?" या प्रश्नानं. खळ्याच्या कडेला, जिथून वाट खाली डांबरी रस्त्याकडे उतरते, तिथं आमची जीप तोंड खाली करून उभी असायची आणि तिच्या पुढच्या चाकाखाली जांभ्याचा एक चिरा दिलेला असायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, आत बसायचे, किल्ली फिरवायचे, क्लच दाबून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायचे आणि मग खिडकीतून हात बाहेर काढून म्हणायचे, "काढ." आई तवा उतरवून आलेलीच असायची. ती पदर खोचून वाकायची, चिरा ओढून बाजूला व्हायची आणि जीप निघायची. इंजिन अजून झोपलेलंच, त्यामुळे ऐकू यायची ती फक्त चाकांखालची खडी. फणसाच्या झाडापर्यंत ती तशी मुकाट जायची, तिथं अण्णा क्लच सोडायचे, गाडीला एक हिसका बसायचा आणि मग सगळी वाडी जागी करणारी ती धडधड सुरू व्हायची. काळ्या धुराचा लोट वळून आमच्या स्वयंपाकघरात यायचा. आमच्याकडच्या भाकरीला डिझेलचा वास येतो असं पाहुणे म्हणत. आम्हांला तो कधी आला नाही.

जीपला सेल्फ नव्हता असं नाही. होता, पण नावाला. कळ दाबली की तो आजारी म्हशीसारखा एकदा हुंकार द्यायचा आणि गप्प व्हायचा. बॅटरी नवी घातली तरी तेच. तेव्हा अण्णांनी त्याचा नाद सोडला होता आणि जगाची विभागणी गाडी लावता येईल असे उतार आणि न लावता येईल अशी सपाटी, अशी करून टाकली होती. रत्नागिरीतली देवळं त्यांना जितकी माहीत नसतील तितके उतार माहीत होते. लग्नाचं वऱ्हाड घेऊन गेले तरी आधी उतार बघायचे, मग मांडव. त्यांना कोणी हसायचं नाही, कारण आमच्या भागातले सगळेच गाडीवाले तसंच करायचे. कोकणात देवानं सपाट जागा ठेवलीच आहे कुठे? ज्या मुलखात उतार फुकट मिळतो, तिथं सेल्फच्या दुखण्याची चौकशी कोण करत बसणार. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

ही जीप मूळची पेट्रोलवर चालणारी. अण्णांनी मुंबईला जाऊन, मोडीत निघालेल्या कुठल्याशा मोटारीचं डिझेल इंजिन पसंत करून आणलं आणि ते तिच्यात बसवून घेतलं होतं. गावातली माणसं, आंब्याच्या पेट्या, शाळेचे मास्तर, अडलेली बाई, हे सगळं या गाडीतून रत्नागिरीला जायचं. "डिझेलला करंट लागत नाय," हे अण्णांचं आवडतं वाक्य होतं. डिझेल दाबानं पेटतं, ठिणगी नको, एकदा सुरू झालं की बॅटरी काढून फेकून द्या, असं ते अभिमानानं सांगायचे. जुन्या इंजिनांच्या बाबतीत ते खरंही होतं. पण या इंजिनाच्या पंपावर अंगठ्याएवढं एक लोखंडी बोंड होतं, त्याला मिस्त्री लोक कट-ऑफ म्हणत. किल्ली फिरवली की वायरीतून त्यात करंट यायचा, आतलं लोहचुंबक जागं व्हायचं, एक इवलीशी खीळ वर ओढून धरायचं आणि डिझेलला वाट मोकळी व्हायची. किल्ली बंद केली की करंट गेला, खीळ पडली, वाट बंद, इंजिन गप्प. खीळ वर जाताना आवाज यायचा, टक. मला त्या आवाजाचं लहानपणापासून वेड. एवढं धूड, एवढा धूर, दहा माणसं आणि त्यांची गाठोडी ओढणारी एवढी ताकद, आणि ती सगळी त्या एका टकवर टांगलेली! अजूनही आठवलं की मला नवल वाटतं, आणि मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई आहे.

आता त्या तेलाबद्दल सांगायला हवं. समुद्राचा वारा लोखंड खातो. आमच्याकडे पत्रा, खिळा, कडी, कशालाच दीर्घायुष्य नाही. म्हणून आंब्याचा हंगाम आटपला की पावसाच्या आधी अण्णा लांज्याच्या एका ओळखीच्या काजूवाल्याकडून टरफलांच्या काळ्या तेलाचा डबा आणायचे. होडीवाले होडीच्या बुडाला जे फासतात तेच. अंगाला लागलं तर कातडी सोलून काढील असं जहाल तेल. अण्णा हातांना आधी खोबरेल चोपडायचे, जुना सदरा घालायचे, जीपखाली गोणपाट अंथरून उताणे शिरायचे आणि दिवसभर ते तेल चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, फासत राहायचे. बोटं जातील तिथं बोटांनी, नाहीतर काथ्याच्या कुंच्यानं. आई मधूनमधून वाटीतून सरबत नेऊन द्यायची आणि म्हणायची, "माझ्या पाठीला कधी एवढा तेल लावलाव नाय." जीपखालून हसण्याचा आवाज यायचा. तेल वाळलं की काचेसारखा कडक काळा थर बसायचा आणि त्यावर गंजाची काय टाप. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी अण्णांनी आणखी मन लावून काम केलं. इंजिनापासून चासीपर्यंत तांब्याच्या विणीची एक पट्टी बोल्टानं आवळलेली होती. तिच्याखाली गंज दडून राहतो म्हणून त्यांनी पट्टी सोडवली, जागा घासून पुसली, तिथंही तेलाचे दोन हात दिले, नीट वाळू दिलं आणि मग पट्टी पुन्हा जागच्या जागी आवळली. पोटच्या पोरीचे केस विंचरावे तसं ते काम होतं. मी स्वतः पाना हातात देत होते.

पावसात जीप बिघडली. बिघडली म्हणजे कशी, तर धडधडीत चालता चालता मरायची. आणि मरायची ती चढाला नाही, सपाटीला नाही, तर उताराला. आमच्या गावाकडून रत्नागिरीला येताना शेवटी रस्ता एकदम खाली भाट्याच्या खाडीकडे उतरतो. वळण घेतलं की समोर समुद्र उभा राहतो, नवखा माणूस 'अहाहा' म्हणतो, आणि नेमकं तिथंच जीप गप्प व्हायची. क्लच उचलला की उताराच्या धक्क्यानं पुन्हा सुरू व्हायची, पुन्हा मरायची. त्या वळणावर राखणदाराचा दगड आहे, शेंदूर लावलेला. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी लगेच निकाल दिला, राखणदाराचं काहीतरी राहिलंय. अण्णांनी नारळ दिला. देवाला नाही म्हणू नये, पण त्यांनी डिझेलची टाकीही धुऊन घेतली.

गाडी बघायचे ते बशीरभाई. भाट्याच्या पुलाच्या अलीकडे त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. मोठा देह, अत्तराचा वास, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "मस्कतला असताना" अशी. तिथं त्यांनी म्हणे शेखांच्या गाड्या नुसत्या कान लावून दुरुस्त केल्या होत्या. त्यांनी आमच्या जीपचं फिल्टर बदललं, नळ्यांतली हवा काढली, पंपाची जाळी साफ केली. मग बल्ब लावलेली वायर आणली. तिचं एक टोक चिमट्यानं गाडीच्या पत्र्याला लावलं, दुसरं कट-ऑफच्या वायरीला टेकवलं. बल्ब लख्ख पेटला. "करंट फस्क्लास हाय अण्णा," ते म्हणाले. "मस्कतला असताना असाच एक केस होता. पंप झिजलाय." पंप उघडला, तर आत सगळं नव्यासारखं. बशीरभाईंनी तो मुकाट्यानं परत मिटला. त्या दिवशी मस्कतचं नाव निघालं नाही.

आणि मग ती सकाळ आली. गाडीत माणसं खच्चून भरलेली, अण्णा उतरत होते, वळणावर इंजिन मेलं, आणि या वेळी क्लच उचलूनही उठलं नाही. इंजिन मेलं की त्या गाडीचा ब्रेक दगडासारखा जड व्हायचा. अण्णांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, आणि एका बाजूला समुद्र असताना गाडी दुसऱ्या बाजूच्या जांभ्याच्या दरडीला घासत घासत थांबवली. कोणाला खरचटलंही नाही. माणसं उतरली, कोणी हसलं, कोणी राखणदाराला हात जोडले. पण मागच्या बाकावरचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, "अण्णाचा आता वय झाला. पाय ऱ्हायला नाय." ते अण्णांनी ऐकलं. संध्याकाळी घरी आले, जीपची किल्ली देवाशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि जेवायला बसले. कुळथाचं पिठलं होतं, तांदळाची भाकरी होती, भाजलेला सुका बांगडा होता. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. किल्ली एरवी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची, झोपतानासुद्धा. चालताना ती वाजायची, त्यावरून अण्णा घरात कुठे आहेत ते आम्हांला कळायचं. त्या रात्रीपासून घरात तो आवाज आला नाही आणि मला घर मोठं झाल्यासारखं वाटलं.

यात वाईट भर घातली ती मी. मला नुकतंच लायसन मिळालं होतं. पोरीनं जीप चालवायची हे वाडीला नवलच होतं, पण अडलेल्यांनी नवल बाजूला ठेवलं आणि मी दोनदा-तीनदा माणसं घेऊन रत्नागिरीला गेले. जीप एकदाही बंद पडली नाही! त्याच उतारावरून, त्याच राखणदारासमोरून, धडधडत खाली. मी तर नवशिकी. गाडी बंद पडू नये म्हणून मी डॅशबोर्डावरचा एक खटका थोडा बाहेर ओढून ठेवायची. तो ओढला की ॲक्सिलरेटरचं पेडल आपोआप जरासं दाबलेलं राहायचं. थंडीत इंजिन धरावं म्हणून ती सोय होती. अण्णा त्याला 'पांगुळगाडा' म्हणायचे आणि स्वतः त्याला कधी हात लावायचे नाहीत. त्यांचा पाय असा हलका की उतार लागताच पेडलवरून अलगद उचलला जायचा आणि गाडी पाण्यात सोडलेल्या पानासारखी उतरायची. माझी गाडी मात्र उतारावरही गुरगुरत जायची. मी घरी येऊन आनंदानं सांगितलं, "अण्णा, बंद नाही पडली!" ते म्हणाले, "मग झाला तर. गाडीत काय नाय. माझ्यात हाय."

चार दिवसांनी त्यांनी आईला सांगितलं की, लांज्याचा तो काजूवाला रविवारी येऊन जीप घेऊन जाणार आहे. त्यांनीच निरोप धाडला होता. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. गाडी जाण्याचं तिला इतकं वाटलं नसतं, पण जन्मभर ज्या माणसानं घाटातून, धुक्यातून, पुराच्या पाण्यातून माणसं आणली-नेली, तो आता स्वतःच्या पायाला चोर ठरवून घरात बसणार होता, आणि तसाच मरेपर्यंत बसणार होता. तिनं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "रविवारच्या आधी एकदा डोळे दाखवून येवया. डोळ्याचाच असंल काय तर." अण्णा कशालाच नाही म्हणायच्या पलीकडे गेले होते. ते हो म्हणाले.

तर शुक्रवारी आम्ही तिघं निघालो. चालवायला मी, मध्ये आई, कडेला अण्णा. आपल्याच गाडीत अण्णा डाव्या बाजूला बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले आणि मला कुठे बघावं ते कळेना. आईच्या मांडीवर पिशवीत एक भलंमोठं तवसं, म्हणजे पावसाळी काकडी, होतं, भाट्याच्या तिच्या मैत्रिणीला द्यायला. उतार आला. मी खटका ओढलेला होता, गाडी गुरगुरत खाली गेली. अण्णा राखणदाराकडे न बघता समुद्राकडे बघत होते. भाट्याला सुरूच्या बनाशेजारी मी गाडी थांबवली आणि सवयीनं किल्ली बंद केली. अण्णांनी डोळे मिटले.

"सपाटीवर बंद केलीन," ते आईला म्हणाले. "हिला एवढासुद्धा सांगितला नाय काय कोणी?"

सांगितलं होतं, जन्मापासून सांगितलं होतं. पण समोर समुद्र होता, मी एकवीस वर्षांची होते, आणि माझं डोकं अण्णांच्या त्या कडेच्या बसण्यात अडकलेलं होतं. मैत्रीण घरी नव्हती, तवसं परत आलं, आणि आम्ही सपाटीवर अडकलो. अण्णा म्हणाले, "मार सेल्फ. बघ." मी कळ दाबली. हुंकार. "परत." हुंकार, गाडीला एक धक्का, आणि आईच्या पिशवीतलं तवसं घरंगळून माझ्या पायांशी, पेडलच्या खाली जाऊन बसलं. "धरून ठेव कळ," अण्णा म्हणाले. मी धरून ठेवली. तवसं चिरडेल म्हणून आई वाकली, तिनं खाली हात घातला आणि ओरडलीच.

"आई गं! भाजला!"

तिची बोटं लाल झाली होती. अण्णा म्हणाले, इंजिनाची धग असेल. आईनं बोटं तोंडात घातली, काढली, आणि पुन्हा वाकली. माझ्या आईचा हा स्वभाव. तव्याचा चटका बसला तर ती आधी तवा का तापला ते बघायची. तिनं तळव्याची मागची बाजू पत्र्याजवळ नेली, मग पेडलजवळ, मग पेडलपासून इंजिनाकडे जाणाऱ्या ॲक्सिलरेटरच्या लोखंडी तारेजवळ.

"अवो," ती म्हणाली, "पत्रा गार हाय. पेडल गार हाय. ही दोरी तेवढी तापलेय. चुलीत ठेवलेल्या सळीसारखी."

"दोरी कशाला तापंल?" अण्णा म्हणाले. "ती नुसती ओढायची दोरी."

बनात बसलेल्या पोरांनी ढकलत गाडी बशीरभाईंच्या दुकानापर्यंत नेली. बशीरभाई चहा पीत होते. अण्णांना डाव्या बाजूनं उतरताना बघून त्यांनी कप खाली ठेवला. आईनं त्यांना तिची बोटं दाखवली आणि दोरी तापल्याचं सांगितलं. मला वाटलं आता मस्कत निघणार. पण नाही. त्यांनी बॉनेट उघडलं, त्या तारेवर बोट ठेवलं, ती इंजिनाकडे कुठे जाते ते बघितलं, मग खाली वाकून काय कोण जाणे बघितलं. मग ती बल्बची वायर घेऊन आले. "खटका आत ढकल, किल्ली फिरव," मला म्हणाले. नेहमीसारखा चिमटा पत्र्याला लावला, टोक कट-ऑफच्या वायरीला टेकवलं. बल्ब लख्ख. मग त्यांनी चिमटा पत्र्यावरून काढला आणि इंजिनाच्या अंगाला लावला.

बल्ब विझलेला.

पुन्हा पत्र्याला, लख्ख. पुन्हा इंजिनाला, अंधार. बशीरभाईंनी कपाळावर हात मारला. "वहिनी," ते आईला म्हणाले, "आमी सगळे येडे हाव. मी बघतोय, करंट जातोय काय. जातोय! पण गेलेल्याला परत येयाला वाट नको काय?" आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे आयुष्यभर पोरांना सांगत आले, पण त्यांच्याइतकं चांगलं मला कधी जमलं नाही. करंट बॅटरीतून निघतो, वायरीतून कट-ऑफमध्ये येतो, खीळ उचलतो. पण तेवढ्यावर भागत नाही, त्याला फिरून बॅटरीत पोचायला लागतं, तरच तो निघतो. इंजिन रबरावर बसवलेलं असतं, त्याचा चासीशी लोखंडाचा संबंध त्या तांब्याच्या पट्टीपुरता. आणि पट्टीखाली तर अण्णांचं काजूचं तेल काचेसारखं वाळलेलं! वाट बुजलेली. तेव्हा तो बिचारा करंट दुसरी वाट शोधायला लागला आणि त्याला सापडली ती ॲक्सिलरेटरची तार. एक टोक इंजिनाला, दुसरं टोक पेडलला. सेल्फसाठी लागणारा एवढा मोठा लोंढासुद्धा त्या बारक्या तारेतून जायला बघत होता, म्हणून ती तापली. सेल्फचं जुनं दुखणंही तिथलंच: आधी पट्टीखालच्या गंजातून कट-ऑफपुरता करंट कसाबसा परतायचा, सेल्फचा लोंढा नाही, आणि आता तेलानं तीही वाट बंद केली होती. मी ऐकत होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी आमच्या पायांखालून महिनोन्महिने आपली वाट शोधत होतं, आणि आम्ही त्याच्यावर पाय ठेवून बसलो होतो.

"पण मग हिच्या हातात गाडी बंद का पडत नाय?" अण्णांनी विचारलं. ते इतका वेळ मागं उभे होते.

बशीरभाईंनी मला गाडीत बसायला सांगितलं. चिमटा इंजिनाला, टोक वायरीला. "ॲक्सिलरेटर दाब." मी दाबला. तार ताणली गेली आणि बल्ब पेटला. "सोड." मी सोडला. तार सैल झाली. बल्ब विझला. "दाब." पेटला. "सोड." विझला.  पुलावरून एक एसटी गेली तेवढाच आवाज. माझा तो पांगुळगाड्याचा खटका! तो तार सदैव ताणून धरायचा. आणि अण्णा सपाटीवर गाडी बंद पडू नये म्हणून पेडलवर पाय टेकवून ठेवायचे, पण उतारावर तो उचलायचे, चांगला ड्रायव्हर उचलतो तसा, पूर्ण, स्वच्छ.

"उतर," अण्णा मला म्हणाले. ते स्वतः बसले. त्यांनी पेडल दाबलं, बल्ब पेटला. त्यांनी पाय उचलला, बल्ब विझला. पुन्हा दाबलं. पुन्हा उचललं. किती वेळ ते तसं करत होते कोण जाणे, आम्ही तिघं बल्बाकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. बशीरभाई अत्तराच्या हातानं डोळे पुसत म्हणाले, "बस करा अण्णा, माझी बॅटरी उतरवाल."

पुढचं काम अण्णांनी कोणाला करू दिलं नाही. गोणपाट मागून घेतलं, जीपखाली शिरले, पट्टीचा बोल्ट सोडला आणि पान्याच्या टोकानं ते काळं तेल खरवडू लागले. चिवट थर होता, त्यांनीच दिलेला. खरवडता खरवडता आतून लोखंड दिसायला लागलं, रुपयाएवढं, नव्या पत्र्यासारखं पांढरं. कुठं गंजाचा ठिपका नव्हता. "बघ तरी," ते खालून मला म्हणाले, "कसा राखलाय." त्या आवाजात रडू होतं की हसू, ते मला आजही सांगता येणार नाही. पट्टी आवळून ते बाहेर आले. बशीरभाईंनी किल्ली फिरवली. टक. असा टक मी त्या गाडीत कधी ऐकला नव्हता, सुपारी फोडल्यासारखा खणखणीत. मग त्यांनी सेल्फची कळ दाबली आणि त्या मुलखात, सपाट जमिनीवर, उतार नसताना, चिरा नसताना, कोणी ढकलत नसताना, आमची जीप एका हाताच्या इशाऱ्यानं उठली! मी दचकून मागं सरले. आई म्हणाली, "अरे देवा," आणि तोंडावर हात ठेवला. इतकी वर्षं ती रोज सकाळी चिरा काढत होती.

हल्ली माझ्या मुलाची गाडी बिघडली की तो तिला एक यंत्र जोडतो आणि ते यंत्र आकड्यांत सांगतं, हे बिघडलं. छान आहे. मला त्यातलं काही खुपत नाही. पण आई वाकली नसती, तवसं घरंगळलं नसतं, तर अण्णांचं काय झालं असतं, याचं उत्तर त्या यंत्रात नसतं. आणि खरं सांगायचं तर विझलेला बल्ब पाय दाबल्यावर पेटतो तेव्हा जे वाटतं ते आकडा बघून वाटत नाही. वर्गात पहिला बल्ब पेटवताना मी पोरांना मुद्दाम एक वायर अर्धी सोडून द्यायची, आणि सांगायची, आता शोधा कुठं घरी परतायची वाट तुटलीय. पोरं शोधायची. मला मात्र तेव्हा भाट्याचा पूल दिसायचा.

डोळ्यांचा डॉक्टर राहिला तो राहिलाच. अण्णा उजव्या बाजूला बसले, आई मध्ये, मी कडेला. गाडी रत्नागिरीकडे न नेता त्यांनी ती उलटी वळवली आणि तो सगळा चढ पुन्हा चढून वर गेले. वर, जिथं कातळ लागतो, तिथं वळवून क्षणभर उभे राहिले. समोर उतार, पलीकडे समुद्र. डॅशबोर्डावरचा माझा खटका निघताना मी सवयीनं पुन्हा बाहेर ओढला होता. तो त्यांनी बोटानं आत ढकलला. मग निघाले. वळण आलं, राखणदाराचा दगड आला. अण्णांनी डाव्या पायानं क्लच दाबून धरला, आणि उजवा पाय त्यांनी पेडलवरून उचलला, पूर्ण उचलला, चपलेसकट हवेत धरला.  आयुष्यात कधी चारचौघांत नवऱ्याला स्पर्श न केलेली माझी आई, तिनं आपली भाजलेली बोटं त्या उचललेल्या पायाच्या गुडघ्यावर ठेवली आणि तशीच ठेवून समोर बघत राहिली. खाली भाट्याचा समुद्र आला. इंजिन चालू होतं.